डेल्टा सेफेईची प्रत साध्या डोळ्यांनी कशी मोजावी: खान्देशातल्या गच्चीवरून, टप्प्याटप्प्याने

डेल्टा सेफेई हा उजेड बदलणारा तारा. त्याच्या प्रतीचे, म्हणजे तेजस्वितेच्या आकड्याचे, हौशी निरीक्षकांनी काढलेले आलेख बहुतेक दोन प्रकारचे असतात. एक करवतीच्या दात्यांसारखा वेडावाकडा, ज्याला चढ नाही की उतार नाही. दुसरा इतका गुळगुळीत की पुस्तकातून छापून काढल्यासारखा. पहिल्यात चुकीचा तारा पाहिलेला असतो किंवा तुलनेचे तारे रोज बदललेले असतात. दुसऱ्यात निरीक्षकाने आकाशाआधी भाकिताचा तक्ता पाहिलेला असतो. दुसरा प्रकार जास्त वाईट, कारण पहिल्यातली चूक शोधून दुरुस्त करता येते.

खालचे टप्पे त्याच क्रमाने करायचे आहेत. गणिताचा टप्पा आधी आणि डोळ्याचा नंतर असं झालं की सगळं बिघडतं.

## सुरुवातीला एवढं पुरे

डेल्टा सेफेई हा वृषपर्वा तारकासमूहातला पिवळा महाराक्षसी तारा. तो फुगतो आणि आकसतो, त्यामुळे त्याची दृश्यप्रत साधारण ३.५ ते ४.४ या दरम्यान हलते. एका फेऱ्याला ५ दिवस ८ तास ४७ मिनिटं लागतात, म्हणजे ५.३६६ दिवस. चढण झपाट्याची, सुमारे दीड दिवसाची. उतार संथ, जवळजवळ चार दिवसांचा.

प्रतीचा आकडा उलटा चालतो, हे एकदा वहीच्या पहिल्या पानावरच लिहून ठेवा: आकडा लहान तितका तारा तेजस्वी.

हा तारा जोडतारा आहे. त्याच्यापासून ४१ विकलांवर (एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) ६.३ प्रतीचा निळसर-पांढरा जोडीदार आहे. शिवाय वर्णपटावरूनच ओळखू येणारा आणखी एक अगदी जवळचा सोबती आहे. पण उजेडातला बदल या जोडीदारांमुळे होत नाही. कुणीही कुणाच्या आड येत नाही. ययाती तारकासमूहातल्या अल्गॉल या जोडताऱ्यात ग्रहण लागतं, म्हणून त्याचा आलेख बराच काळ सपाट राहतो, मग एकदम खाली जातो आणि जसा गेला तसाच वर येतो. डेल्टाचा आलेख कधीच सपाट नसतो आणि त्याचे दोन्ही उतार सारखे नसतात. जोडतारा म्हटलं की ग्रहण, हे समीकरण डोक्यातून काढूनच सुरुवात करा.

## टप्पा १: हंगाम आणि वेळ ठरवा

जळगाव-धुळे-नंदुरबार हा पट्टा २१ अंश उत्तर अक्षांशाच्या आसपास येतो. डेल्टाची क्रांती (खगोलीय विषुववृत्तापासूनचं अंतर) उत्तर ५८.४ अंश. त्यामुळे याम्योत्तरावर, म्हणजे डोक्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेषेवर, आला की तो आपल्याकडे उत्तर दिशेला साधारण ५३ अंश उंचीवर असतो. मान फार मोडावी लागत नाही आणि क्षितिजावरची धूळही आड येत नाही.

जळगावच्या घड्याळाने तो सर्वांत उंच केव्हा असतो ते असं:

- २२ सप्टेंबरच्या सुमारास रात्री ११ ला
- १५ ऑक्टोबरला रात्री साडेनऊच्या थोडं आधी
- १५ नोव्हेंबरला संध्याकाळी साडेसातच्या आत
- १५ डिसेंबरला दिवस मावळण्याआधीच, पण साडेसातला अजून ४५ अंशांवर

धुळे आणि नंदुरबार थोडे पश्चिमेला असल्याने तिथे ही वेळ तीन ते पाच मिनिटांनी पुढे सरकते. त्याने आपल्या कामात काही फरक पडत नाही.

जानेवारीच्या मध्याला संध्याकाळी सव्वासातला तारा ३४ अंशांवर उरतो. ३० अंशांवर आपण डोक्यावरच्या तुलनेत दुप्पट हवेतून पाहत असतो. तिथून खाली मोजमाप करू नका. म्हणजे संध्याकाळचा हंगाम ऑक्टोबर ते जानेवारीचा मध्य. पावसाळ्याचं नावच काढू नये. एक दुर्लक्षित हंगाम मात्र आहे: मे महिना, पहाटे चार-सव्वाचार. उकाड्यामुळे निम्मा खान्देश तेव्हा गच्चीवरच झोपलेला असतो. तारा ईशान्येला चाळीस अंशांजवळ आलेला असतो. बाजेवरून उठायचीही गरज नाही.

सावधान: दिवाळीच्या तीन-चार रात्री सोडून द्या. अमावास्येचा उत्तम काळोख आणि फटाक्यांचा धूर एकाच रात्री येतात, त्याला इलाज नाही. जानेवारीनंतर शेतात पऱ्हाटी पेटवतात, तेव्हाही उत्तरेला धुराचा पट्टा आहे का ते आधी बघा.

चांदणी रात्र चालते. पौर्णिमेलाही चौथ्या प्रतीचा तारा दिसतो. फक्त चंद्र जिन्याच्या खोलीआड किंवा पाण्याच्या टाकीआड येईल असं बसा आणि वहीत "चंद्र" असं लिहा.

## टप्पा २: जागा उत्तरेच्या हिशेबाने निवडा

गावाबाहेर गेलं की झालं, असं नाही. तारा उत्तरेला आहे, तेव्हा शहराचा उजेड तुमच्या दक्षिणेला, पाठीशी राहिला पाहिजे. जळगावकराने अजिंठ्याच्या बाजूला जाण्यापेक्षा तापी ओलांडून यावल-चोपड्याकडे जावं. धुळेकराला सोनगीरची बाजू बरी. जामनेरच्या गच्चीवरून मात्र भुसावळचा उजेड नेमका उत्तरेला पडतो. तिथे तारा सर्वांत उंच असतानाच काम उरकावं.

सातपुड्याची रांग आड येईल ही भीती रावेर, शिरपूर, शहादा इथल्या कुणी बाळगू नये. पन्नास अंशांवरच्या ताऱ्याला डोंगर नडत नाही. आणि तोरणमाळला जायलाच हवं असंही नाही. हजार मीटरहून उंच ठिकाण आहे, आकाश काळंभोर मिळतं, पण वर्षातून दोन रात्री तोरणमाळ आणि बाकी काही नाही, यापेक्षा घरच्या गच्चीवरच्या तीस रात्री कामाच्या.

जागा एकच ठेवा. शेतात बसणार असाल तर केळीच्या बागेला लागून बसू नका. बिबट्याचा वावर असलेल्या भागात तर नाहीच. पायात बूट हवेत, विंचू-काट्याची भीती असतेच.

तपासणी: रस्त्यावरचा दिवा थेट डोळ्यांत येतो का? येत असेल तर कठड्याजवळ खाली बसा किंवा ओल्या गोधडीसारखं जाड कापड दोरीवर टाकून आडोसा करा. दिवा नजरेआड झाला की निम्मं काम झालं.

## टप्पा ३: सामान

फार काही लागत नाही. शंभरपानी वही, पेन्सिल (आडवं पडून लिहिताना बॉलपेन उठत नाही), मोबाइलशी मिळवून घेतलेलं घड्याळ, हाताने काढलेला नकाशा, पाठ टेकायला बाज किंवा कलती खुर्ची आणि लाल उजेडाची बॅटरी. बॅटरीच्या काचेवर पतंगाचा लाल कागद दुहेरी करून रबराने बांधा. एकेरी कागदातून पांढरा उजेड झिरपतो.

लांबचा चष्मा असेल तर तो लावूनच बघा आणि पूर्ण हंगाम तोच ठेवा. मध्येच नंबर बदलला तर तारखेसह नोंद करा.

मोबाइलवरचं आकाशाचं ॲप पहिल्या रात्री तारा ओळखण्यापुरतं ठीक. नंतर मोबाइल खिशात. डोळे अंधाराला सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि व्हॉट्सॲपचा एक संदेश ती मेहनत दोन सेकंदांत घालवतो. "नाइट मोड आहे ना" ही सबब चालत नाही, तो पडदा चौथ्या प्रतीच्या कामासाठी उजळच असतो.

## टप्पा ४: तारा शोधा, आणि तोच आहे याची खात्री करा

सर्वांत जास्त चुका इथे होतात. ऑक्टोबरच्या मध्याला रात्री नऊ-साडेनऊला उत्तरेकडे तोंड करून उभे राहा. उजव्या हाताला शर्मिष्ठा तारकासमूहाचा पाच ताऱ्यांचा वाकडातिकडा आकार दिसेल, डाव्या हाताला उंच हंस तारकासमूहातला ठळक तारा डेनेब.

शर्मिष्ठेचा डेनेबच्या बाजूचा टोकाचा तारा म्हणजे कॅफ. कॅफ आणि डेनेब यांच्यात तेहतीस-चौतीस अंशांचं अंतर आहे. हात लांब करून मूठ धरली तर एक मूठ सुमारे दहा अंशांची, म्हणजे तीन मुठी आणि वर थोडं. या दोघांना जोडणाऱ्या रेषेचा मध्य काढा आणि तिथून किंचित ध्रुवताऱ्याकडे सरका. तिथे तीन ताऱ्यांचा एक छोटा, लांबट त्रिकोण आहे. इतका छोटा की हात लांब करून धरलेल्या मधल्या तीन बोटांआड पूर्ण झाकला जातो.

त्रिकोणाची आखूड बाजू डावीकडे, डेनेबच्या दिशेला. तिच्यावरचे दोन तारे म्हणजे वर एप्सिलॉन आणि खाली झीटा. झीटा नारिंगी झाकेचा आहे. उजवीकडे, कॅफच्या दिशेला, एकटं पडलेलं टोक म्हणजे डेल्टा.

सावधान: छापील नकाशात उत्तर वर असते. आपण उत्तरेकडे तोंड करून ध्रुवताऱ्याच्या वरचं आकाश पाहत असतो, तेव्हा उत्तर खाली, क्षितिजाकडे असते. म्हणून नकाशा उलटा धरायचा, डोकं खाली. तसं केलं नाही तर डेल्टा झीटाच्या डावीकडे शोधला जातो आणि तिथे सापडतो म्यू सेफेई. तो लाल आहे, पण तोही रूपविकारी (उजेड बदलणारा), आणि त्याची प्रत आपल्याच टप्प्यातून हिंडते. म्यूला डेल्टा समजून दोन-दोन महिने नोंदी केल्याच्या वह्या दुर्मीळ नाहीत. डिसेंबरमध्ये त्रिकोण वायव्येला कललेला असतो. तेव्हा झीटा-एप्सिलॉनची जोडी जुळेपर्यंत नकाशा फिरवत राहा.

तपासणी: (अ) तुमच्या ताऱ्याजवळ अडीच अंशांच्या आत दोन तारे आहेत का? (आ) तुमचा तारा पिवळट-पांढरा आहे की लालभडक? लाल दिसला तर तो म्यू. (इ) काळोख चांगला असेल तर झीटाच्या खाली सुमारे सव्वा अंशावर पाचव्या प्रतीचा लॅम्डा दिसतो. तो दिसला तर आकाश उत्तम, न दिसला तरी काम अडत नाही.

पहिल्या तीन रात्री प्रत मोजूच नका. फक्त त्रिकोण शोधा, डोळे मिटा, पुन्हा शोधा. पाच सेकंदांत सापडू लागला की पुढे जा.

## टप्पा ५: तुलना तारे ठरवा आणि हंगामभर बदलू नका

वहीच्या दुसऱ्या पानावर हा तक्ता लिहा:

- झीटा सेफेई: ३.४
- आयोटा सेफेई: ३.५
- अल्फा सरठ (सरठ हा शेजारचा तारकासमूह): ३.८
- एप्सिलॉन सेफेई: ४.२
- बीटा सरठ: ४.४

झीटा आणि एप्सिलॉन ही मुख्य जोडी. दोन्ही डेल्टाच्या शेजारी आहेत, त्यामुळे हवेचा थर तिघांनाही सारखाच मिळतो. धूळ असली, विरळ धुकं असलं, तरी तिघांवर एकाच वेळी परिणाम होतो आणि तुलना टिकते. बाकीचे तीन पडताळणीसाठी. आयोटा ध्रुवताऱ्याच्या बाजूला, आठ-नऊ अंशांवर. सरठाचे दोन्ही तारे त्याच्या उलट बाजूला, सहा ते आठ अंशांवर, म्हणजे तारा सर्वांत उंच असताना आपल्या डोक्याकडे.

म्यू सेफेई तुलनेला कधीही घ्यायचा नाही. ज्या फुटपट्टीची लांबी रोज बदलते तिने कापड कोण मोजणार?

## टप्पा ६: अंदाज घ्या

हा टप्पा दोन-तीन मिनिटांचा आहे, पण सगळं इथेच ठरतं.

६.१ आधी फक्त क्रम लावा. डेल्टा झीटापेक्षा मंद आहे का? एप्सिलॉनपेक्षा तेजस्वी आहे का? दोन्हींची उत्तरं "हो" असतील तर तो दोघांच्या मध्ये आहे, आणि बहुतेक रात्री तसाच असतो.

६.२ मग फरकाची वाटणी करा. झीटा ते एप्सिलॉन हा उजेडाचा जिना समजा. डेल्टा नेमका मध्यावर आहे, की झीटाच्या जवळ, की एप्सिलॉनच्या जवळ? मध्यावर असेल तर दोन्हीकडे सारखे भाग. एप्सिलॉनच्या बऱ्यापैकी जवळ वाटला तर झीटाकडे तीन भाग, एप्सिलॉनकडे एक.

६.३ नजर हलती ठेवा. झीटावर दोन सेकंद, डेल्टावर दोन सेकंद, परत झीटा. मग डेल्टा, एप्सिलॉन, डेल्टा. एकाच ताऱ्याकडे टक लावून पाहिलं की विशेषतः नारिंगी तारा हळूहळू जास्त उजळ वाटू लागतो. झीटा नारिंगी आहे, म्हणून ही खबरदारी इथे जास्तच. टक लावणाऱ्याच्या नोंदीत झीटा फुगतो आणि डेल्टा रोज थोडा मंद उतरतो.

६.४ मान वळवा. दोन तारे वर-खाली असताना डोळा एकाला झुकतं माप देतो. ज्या दोघांची तुलना चालू आहे त्यांना जोडणारी रेषा तुमच्या दोन्ही डोळ्यांच्या रेषेला समांतर येईल इतकं डोकं कलतं करा. आडवं पडून बघणाऱ्याला हे सोपं जातं. बाजेचा खरा उपयोग हा.

६.५ ताबडतोब लिहा, तेही आकड्यात नव्हे, भागांत. "झी ३ डे १ ए" म्हणजे झीटापासून डेल्टा तीन भाग, डेल्टापासून एप्सिलॉन एक भाग. प्रतीचा आकडा अजून काढायचा नाही.

डेल्टा झीटाच्या बरोबरीचा वाटला तर "डे = झी". एप्सिलॉनपेक्षाही मंद वाटला तर एप्सिलॉन आणि बीटा सरठ यांच्यामध्ये बसवा: "ए १ डे १ बीस". दोन ताऱ्यांच्या बाहेरचा अंदाज, म्हणजे "एप्सिलॉनपेक्षा अजून थोडा मंद, असेल ४.५", हा प्रकार टाळा. एका बाजूलाच आधार असला की चूक दुप्पट होते.

सावधान: कालची नोंद आज अंदाज घेण्याआधी उघडू नका. "काल ३.६ होता, म्हणजे आज ३.८ असणार" हा विचार मनात आला की डोळा ३.८ च बघतो. हे अप्रामाणिक माणसांचंच होतं असं नाही, सगळ्यांचं होतं. वहीचं प्रत्येक पान एकाच रात्रीसाठी ठेवायचं ते याचसाठी. कागद वाया जातो, जाऊ द्या.

एका रात्री एक अंदाज पुरे. चढणीच्या रात्री मात्र तारा तासाला सुमारे ०.०२५ प्रतीने वाढत असतो, म्हणजे चार तासांत ०.१. आठ वाजता एक आणि बारा वाजता एक असे दोन अंदाज घेतले तर हा फरक जेमतेम पकडता येतो. दर पंधरा मिनिटांनी अंदाज घेण्यात काही हशील नाही. त्यात ताऱ्यापेक्षा तुमचा कंटाळा जास्त मोजला जातो.

## टप्पा ७: नोंद पूर्ण करा

प्रत्येक नोंदीत पाच गोष्टी: दुहेरी तारीख, वेळ, भागांतला अंदाज, आकाशाची स्थिती, शेरा. नमुना:

"१४/१५ नोव्हें., २०:१०, झी २ डे २ ए, आकाश स्वच्छ, चंद्र नाही. झीटा-एप्सिलॉनबद्दल खात्री."

दुहेरी तारीख का? रात्री साडेबाराला घेतलेल्या नोंदीवर कुणी चौदा लिहितो, कुणी पंधरा. पाच दिवसांच्या फेऱ्यात एका दिवसाची चूक म्हणजे आलेखातला बिंदू थेट चढणीवरून उतारावर. दुहेरी तारखेने हा गोंधळ मुळातच मिटतो.

वेळ पाच-दहा मिनिटांपर्यंत बरोबर असली की पुष्कळ. भारतीय प्रमाणवेळच लिहा आणि वहीवर तसं नमूद करा. जागतिक वेळ हवी तेव्हा त्यातून साडेपाच तास वजा करायचे. ज्युलियन दिनांक (दिवसांची सलग मोजणी) वापरणार असाल तर आपल्याला एक सोय आहे: तो जागतिक वेळेच्या दुपारी बाराला बदलतो, म्हणजे आपल्या संध्याकाळी साडेपाचला. अख्खी रात्र एकाच दिनांकात बसते. उदाहरणार्थ, १ जानेवारी २०२६ ला संध्याकाळी साडेपाचला ज्युलियन दिनांक २४६१०४२.० होता. त्याच रात्री आठला २४६१०४२.१०४.

## टप्पा ८: आता गणित

हे दुसऱ्या दिवशी, उजेडात करा. गच्चीवर नको.

"झी ३ डे १ ए": एकूण भाग चार. झीटा ३.४ आणि एप्सिलॉन ४.२ यांतला फरक ०.८. एक भाग म्हणजे ०.२. झीटापासून तीन भाग म्हणजे ०.६. उत्तर ३.४ + ०.६ = ४.०.

पडताळणीसाठी दुसरी जोडी घेतली असेल, समजा "आ १ डे २ बीस", तर आयोटा ३.५ आणि बीटा सरठ ४.४ यांतला फरक ०.९, एकूण भाग तीन, एक भाग ०.३, उत्तर ३.८. दोन जोड्यांची उत्तरं ०.२ च्या आत जुळली तर सरासरी घ्या. ०.३ किंवा जास्त फरक आला तर त्या रात्री कुठलातरी तारा चुकीचा ओळखलाय. नोंद खोडू नका, तिच्यापुढे प्रश्नचिन्ह टाका.

उत्तर एका दशांश स्थळापर्यंतच लिहा. साध्या डोळ्याने ३.८५ मोजता येत नाही. दोन दशांश लिहून कुणी हुशार ठरत नाही.

सावधान, जोडीदाराचा हिशेब: साध्या डोळ्याला ६.३ प्रतीचा जोडीदार वेगळा दिसत नाही, त्याचा उजेड डेल्टाच्या उजेडात मिसळतो. डेल्टा ३.५ ला असताना ही भर ०.१ पेक्षा कमी भरते. डेल्टा ४.४ ला उतरला की तीच भर सुमारे ०.१७ होते. म्हणजे सर्वांत मंद रात्री तुम्हाला तो ४.२ च्या आसपास, एप्सिलॉनच्या बरोबरीला दिसणार. पुस्तकात ४.४ आहे म्हणून स्वतःचा ४.२ ओढूनताणून ४.४ करणारे पुष्कळ आहेत. तुमचा ४.२ च ठेवा.

## टप्पा ९: आलेख आणि घडी

आलेखाचा कागद घ्या. उभ्या अक्षावर प्रत, पण उलटी: वर ३.४, खाली ४.४. सुलट मांडली तर झपाट्याची चढण झपाट्याची घसरण दिसते आणि निष्कर्ष उलटा निघतो.

सहा ते आठ आठवड्यांत पंचवीस-तीस बिंदू जमले की तारखांनुसार काढलेला आलेख विस्कटलेलाच दिसेल. घाबरू नका, रात्रीला एक बिंदू म्हणजे एका फेऱ्यात जेमतेम पाच. आता सगळे फेरे एकावर एक घडी करायचे:

९.१ तुमच्या नोंदींतली सर्वांत तेजस्वी रात्र शून्य धरा. छापील भाकितातली नव्हे, तुमची.

९.२ प्रत्येक नोंदीपर्यंत गेलेले दिवस दशांशात काढा आणि ५.३६६ ने भागा.

९.३ पूर्णांक सोडा, अपूर्णांक ठेवा. तीच त्या नोंदीची कला.

समजा शून्य १२ ऑक्टोबर रात्री ८ ला आहे आणि नोंद २७ ऑक्टोबर रात्री साडेआठची. गेलेले दिवस १५.०२. भागिले ५.३६६ म्हणजे २.८०. कला ०.८०. याचा अर्थ तारा तळ गाठून चढणीला लागलाय.

आडव्या अक्षावर कला ० ते १ मांडली की विस्कटलेले बिंदू जागेवर बसतात: शून्यापासून लांब, संथ उतार आणि ०.७ च्या पुढे उभी चढण. बिंदू रेषेच्या दोन्ही बाजूंना ०.१ ते ०.२ ने विखुरलेले असणारच. ते तसे नसतील तर टप्पा ६ मधली सावधानता पुन्हा वाचा.

घडी नीट बसली नाही तर:

चढण आणि उतार सारखेच दिसत असतील तर काही नोंदींची तारीख एका दिवसाने सरकलीय. मध्यरात्रीनंतरच्या नोंदी आधी तपासा.

सगळे बिंदू ३.७ ते ३.९ मध्येच अडकले असतील तर निरीक्षक बिचकतोय. प्रत्येक रात्री "मध्यावर" लिहितोय. त्याला ६.१ पुरतंच काम द्या: आठवडाभर नुसता क्रम, भाग नकोत.

आकारच नसेल तर टप्पा ४. बहुधा म्यू.

बिंदू दोन समांतर पट्ट्यांत पडत असतील तर हंगामाच्या मध्यात तुलना तारे बदलले, किंवा दोघांच्या नोंदी एकत्र केल्या. दोघांच्या डोळ्यांत ०.२ चा कायमचा फरक सहज असतो. प्रत्येकाचा आलेख वेगळा काढा.

## टप्पा १०: आवर्तन (एका फेऱ्याचा काळ) स्वतः काढणे

एका माथ्यापासून (तारा सर्वांत तेजस्वी असतो तो क्षण) दुसरा माथा मोजून ५.३६६ येणार नाही. संध्याकाळीच बघणाऱ्याला लागोपाठचे माथे दिसतही नाहीत. आज रात्री ८ ला माथा असेल तर पुढचा पाच दिवसांनी पहाटे पावणेपाचला, त्यापुढचा भर दुपारी दीडच्या सुमारास. तिसरा मात्र १६ दिवसांनी रात्री १० वाजून २० मिनिटांच्या आसपास. म्हणून माथ्याच्या रात्री सोळा-सोळा दिवसांनी राखून ठेवा आणि त्यांच्या आगेमागे दोन-दोन रात्री चुकवू नका.

ऑक्टोबरमधला एक माथा आणि जानेवारीतला एक माथा घ्या. मध्ये सतरा फेरे असतील तर अंतर ९१ दिवसांच्या आसपास येईल. प्रत्येक माथ्याच्या वेळेत सहा तासांची चूक धरली तरी सतराने भागल्यावर आवर्तनात साधारण अर्ध्या तासाचीच उरते. चूक होते ती फेरे मोजण्यात: सतराच्या जागी सोळा धरले की आवर्तन ५.७ दिवस निघतं. उत्तर ५.२ ते ५.५ च्या बाहेर गेलं तर तारा नाही, मोजणी चुकलीय.

नोंदी अमेरिकन असोसिएशन ऑफ व्हेरिएबल स्टार ऑब्झर्व्हर्सकडे पाठवायच्या असतील तर त्यांच्याच संकेतस्थळावरचा नकाशा वापरा आणि त्याचा क्रमांक नोंदीत द्या. त्या नकाशावर तुलना ताऱ्यांच्या प्रती दशांश चिन्हाशिवाय छापतात, ३४ म्हणजे ३.४, कारण ते टिंब ताऱ्यासारखंच दिसेल. वेळ जागतिक किंवा ज्युलियन.

## जोडीदार बघायचा असेल तर

हे मोजमापात धरू नका, मोजून झाल्यावर करा. १० × ५० ची द्विनेत्री तिपाईवर घट्ट बसवा. हातात धरून ४१ विकलांची फोड सहसा होत नाही, तारा नुसता थरथरतो. तिपाई नसेल तर द्विनेत्री कठड्यावर, घडी केलेल्या गोधडीवर टेकवा. पिवळ्या डेल्टाला चिकटून बारीक निळसर ठिपका दिसेल. डेल्टा मंद असलेल्या रात्री तो जास्त सहज सुटतो, माथ्याच्या रात्री झळाळीत बुडतो. द्विनेत्रीतून घेतलेला प्रतीचा अंदाज साध्या डोळ्याच्या नोंदींत मिसळू नका. एकात जोडीदाराचा उजेड धरलेला आहे, दुसऱ्यात नाही.